शाळांचं आरोग्य-सर्वेक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न (कोल्हापूर जिल्हा)

शाळेत आरोग्याचे नियम काय आहेत आणि ते कितपत पाळले जातात, याची पाहणी करू पाहणारे एमएसडब्ल्यू, एम.एड. आणि जनआरोग्याचे विद्यार्थी, संस्थांचे कार्यकर्ते आणि ज्यांच्या टेबलावर ही प्रश्नावली येऊन पडते ते मुख्याध्यापक यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न पालकांचेही आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. या सर्वेक्षणात मुलांची तपासणी होते का?

नाही. मुलाला कुणी हात लावत नाही, वजन-उंची घेत नाही, रक्त तर नाहीच. इथे उत्तर देणारी शाळा असते. पाणी कुठून येतं, मूल चक्कर येऊन पडलं तर काय करतात, गेटबाहेर काय विकलं जातं, असे प्रश्न शाळेला विचारले जातात.

तपासणीचं काम राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाचं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधले जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि वाढीतला विलंब त्यात पाहतात. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी-अनुदानित शाळेत एकदा येतं. 'पथक येऊन गेलं का, कधी आलं, पुढे पाठवलेली मुलं खरंच रुग्णालयात पोचली का' हे मात्र सर्वेक्षणात जरूर विचारावं. शेवटच्या भागाचं उत्तर शाळेला बहुतेक वेळा ठाऊक नसतं, आणि तेही नोंदवण्यासारखं आहे.

२. यूडायस प्लसमध्ये (शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीत) आम्ही दरवर्षी हे सगळं भरतोच. पुन्हा कशाला?

तक्रार रास्त आहे. स्वच्छतागृहं किती, नळ आहे का, रॅम्प आहे का, हे यूडायसमध्ये असतंच. तेच पुन्हा विचारणारा सर्वेक्षक शाळेचा वेळ खातो. शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक घ्यावा आणि तिथली माहिती तिथूनच उचलावी. तिथे जे येत नाही तेवढंच विचारावं: मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, किल्ली कुणाकडे असते, उन्हाळ्यात टाकीत पाणी कितीपर्यंत पुरतं.

३. आमच्या शाळेत 'आरोग्य धोरण' असं काही लिहिलेलं नाही. मग काय उत्तर द्यायचं?

बहुतेक शाळांचं असंच आहे, आणि त्यात कमीपणा नाही. आपल्याकडे शाळा धोरण बनवत नाही. ते वरून परिपत्रकाच्या रूपात येतं. शारीरिक शिक्षेवर बंदी शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने आली. तंबाखूविक्रीवरची बंधनं २००३ च्या कोटपा कायद्यातली. शाळेच्या आवारातल्या आणि गेटबाहेरच्या खाण्याचे नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये केले. शालेय आरोग्य आणि निरामयता कार्यक्रम २०२० चा. त्यात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत नेमायचं असतं. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती राज्यात २०२२ पासून.

म्हणून 'तुमच्या शाळेचं धोरण आहे का?' हा प्रश्नच चुकीचा. अमेरिकेतल्या प्रश्नावल्यांत तो चालतो, कारण तिथे राज्य, शिक्षण-जिल्हा आणि शाळा असे वेगवेगळे स्तर आपापले नियम करतात. शालेय आरोग्य धोरणांचा तिथला राष्ट्रीय अभ्यास १९९४ पासून २०१६ पर्यंत सहा वेळा झाला, तो याच स्तरांवर माहिती घेत. आपल्याकडे प्रत्येक विषयाचे तीन तुकडे करावेत. परिपत्रक शाळेपर्यंत पोचलं का? त्यावर शाळेने काही केलं का, म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात ठराव, सूचना वहीत सूचना, कुणावर तरी सोपवलेली जबाबदारी? आणि गेल्या महिन्यात प्रत्यक्षात काय घडलं?

तिन्ही उत्तरं जुळतीलच असं नाही. ठराव नसूनही एखादी बाई वर्षानुवर्षं स्वतःच्या पर्समध्ये सॅनिटरी पॅड ठेवते. ठराव, फलक, फोटो सगळं असूनही वर्गाच्या मागे तंबाखूच्या माव्याच्या पुड्या सापडतात. नुसता पहिला तुकडा विचारला तर जिल्ह्यातल्या जवळपास सगळ्या शाळा उत्तम ठरतील आणि तुमचा अहवाल कुणाच्याच उपयोगाचा राहणार नाही.

४. प्रश्नावलीत कोणते विषय घ्यावेत?

पाणी आणि स्वच्छता, पोषण आहार, लोहाच्या आणि जंतनाशक गोळ्या, तंबाखू, गेटबाहेरचं खाणं, खेळाचा तास, मासिक पाळी, मानसिक ताण आणि छळ, अपघात आणि प्रथमोपचार, दिव्यांग मुलांची सोय. कोल्हापुरात त्यात पूर आलाच (प्रश्न १६).

परदेशी प्रश्नावली समोर ठेवायला हरकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शालेय आरोग्य धोरणं आणि पद्धती यांची पाहणी आहे, अमेरिकेचा दहा घटकांचा आराखडा आहे. पण त्यांचं नुसतं भाषांतर करून चालत नाही. 'शाळेत पूर्णवेळ परिचारिका आहे का?' असं गगनबावड्यातल्या दोन शिक्षकी शाळेला विचारलंत तर उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे. सगळ्यांनी 'नाही' लिहिलेल्या प्रश्नातून काहीच कळत नाही. त्याऐवजी विचारा: गेल्या वेळी मूल शाळेत आजारी पडलं तेव्हा त्याला कोण, कुठे, कुणाच्या गाडीवरून घेऊन गेलं? मागे वर्गावर कोण थांबलं? शाहूवाडीच्या वाडीवरची शाळा आणि कोल्हापूर शहरात राजारामपुरीतली शाळा यांच्यातला फरक या एका प्रश्नात उघडा पडतो.

५. प्रश्न कसे विचारले म्हणजे खरं उत्तर मिळतं?

'आहे का', 'करता का' असे शब्द शक्य तितके टाळा. ज्याकडे बोट दाखवता येईल किंवा जे कुणाला तरी आठवत असेल, ते विचारा.

'हात धुण्यासाठी साबण उपलब्ध आहे का?' याचं उत्तर 'होय' असतं, कारण साबण असतो. तो कपाटात, वेष्टनात असतो. 'आज जेवणाआधी मुलांनी हात कशाने धुतले?' असं विचारा. 'लोहाच्या गोळ्या नियमित देता का?' यालाही 'होय'च येणार. सहावीपासून पुढच्या मुलांना निळी आणि पहिली ते पाचवीच्या मुलांना गुलाबी गोळी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी द्यायची असते. बहुतेक ठिकाणी हा दिवस सोमवार. म्हणून विचारावं, 'गेल्या चार सोमवारांपैकी किती सोमवारी गोळी दिली? न दिलेल्या दिवशी काय अडलं?' साठा संपला होता, सुट्टी होती, की आधीच्या आठवड्यात दोघांना मळमळलं म्हणून पालक भांडायला आले? तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत. जंतनाशक दिनाचे दिवस ठरलेले असल्याने (राष्ट्रीय वेळापत्रकात १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट) तिथे विचारणं सोपं जातं: त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांना गोळी नंतर मिळाली का?

एका वाक्यात दोन प्रश्न कोंबू नका. 'शाळेत प्रथमोपचार पेटी आणि प्रशिक्षित शिक्षक आहे का?' यावर पेटी असलेली पण प्रशिक्षण नसलेली शाळा काय लिहिणार? 'कधी कधी', 'बऱ्याचदा' हे शब्दही काढून टाका. एकाचं 'बऱ्याचदा' म्हणजे दुसऱ्याचं 'क्वचित'. काळ नेमका सांगा: 'गेल्या शैक्षणिक वर्षात' किंवा 'गेल्या ३० दिवसांत'. 'माहीत नाही' आणि 'आमच्या शाळेला लागू नाही' हे दोन पर्याय वेगवेगळे ठेवा. चौथीपर्यंतच्या शाळेने पाळीच्या प्रश्नावर काय लिहायचं, हे तिने स्वतः ठरवायची वेळ येऊ नये.

क्रमही महत्त्वाचा. पाणी, खेळ, जेवण आधी. शिक्षा, छळ आणि शिक्षकांचं तंबाखू खाणं अगदी शेवटी, तोवर समोरच्याला तुमचा हेतू कळलेला असतो.

नोंदवह्या जरूर पाहा, पण त्यांच्यावर भोळेपणाने विसंबू नका. पोषण आहाराची चव नोंदवही महिनाभर एकाच पेनाने, एकाच अक्षरात 'उत्तम' असेल, तर ती एका बैठकीत भरलेली आहे हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

६. प्रश्नावली मुख्याध्यापकांनी भरायची की शिक्षकांनी?

दोघांनी, वेगवेगळे भाग. अमेरिकेतल्या शालेय आरोग्य पाहणीत मुख्याध्यापकांना एक आणि आरोग्य शिकवणाऱ्या प्रमुख शिक्षकाला दुसरी प्रश्नावली जाते, ही पद्धत उचलण्यासारखी आहे. परवानग्या, समित्या, निधी मुख्याध्यापकांना विचारा. वर्गात काय शिकवलं, गोळ्या कशा वाटल्या हे ज्यांनी केलं त्यांना विचारा. किशोरवयीन मुलींचे प्रश्न शक्यतो बाईंना. पोषण आहाराबद्दल स्वयंपाकी मावशींशी बोलल्याशिवाय निघू नका. धान्य कधी आलं, गॅस कधी संपला, हे त्यांच्याइतकं कुणाला पाठ नसतं. मात्र बोलण्याआधी मुख्याध्यापकांना तसं सांगा, नाहीतर तुम्ही गेल्यावर मावशींना उत्तरं द्यावी लागतात. दोन शिक्षकी शाळेत सगळे भाग एकाच माणसाकडे जातील, तिथे दोनदा जाऊन अर्धा-अर्धा वेळ घ्या.

७. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा घ्यायच्या की नमुना? नमुना किती?

एकट्या विद्यार्थ्याने किंवा लहान संस्थेने सगळ्या शाळांच्या मागे लागू नये. 'होय-नाही' प्रकारच्या प्रश्नासाठी ९५ टक्के विश्वासपातळी आणि पाच टक्क्यांची चूक धरली, तर हजार शाळांमधून साधारण २७८ आणि तीन हजारांमधून ३४१ पुरतात. शाळा तिप्पट झाल्या म्हणून नमुना तिप्पट होत नाही. काही शाळा उत्तर देणार नाहीत, म्हणून जास्तीच्या शाळा आधीच निवडून ठेवा.

आकड्यापेक्षा वाटणी महत्त्वाची. जिल्ह्यात बारा तालुके. सरळ चिठ्ठ्या टाकल्या तर करवीर आणि हातकणंगले यादी व्यापतील आणि गगनबावड्याच्या वाट्याला दोन-चार शाळा येतील. म्हणून आधी गट पाडा: जिल्हा परिषद, महापालिका आणि नगरपालिका, खाजगी अनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित. त्याला तालुक्याची जोड द्या. लहान गटातून प्रमाणापेक्षा जास्त शाळा घेतल्यात तर जिल्ह्याची टक्केवारी काढताना भारांकन करायला, म्हणजे प्रत्येक गटाला त्याच्या खऱ्या प्रमाणाइतकंच वजन द्यायला विसरू नका. इंग्रजी माध्यमाच्या आणि उर्दू शाळा सुटू देऊ नका. उर्दू प्रश्नावली दुसऱ्या माणसाकडून परत मराठीत करून घ्या आणि मूळ प्रश्नाशी ताडून पाहा.

८. परवानगी कुणाची लागते?

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांसाठी शिक्षणाधिकारी (प्राथमिक), माध्यमिक शाळांसाठी शिक्षणाधिकारी (माध्यमिक), महापालिकेच्या शाळांसाठी प्राथमिक शिक्षण समितीचे प्रशासनाधिकारी. तालुक्याला गटशिक्षणाधिकारी आणि केंद्रप्रमुखांना (जवळपासच्या शाळांच्या गटाला 'केंद्र' म्हणतात, त्याच्या प्रमुखांना) कळवलं की पुढचं सोपं होतं. खाजगी शाळेत संस्थेच्या सचिवांचं पत्र लागतं, मुख्याध्यापक कितीही अनुकूल असले तरी. विद्यापीठ किंवा वैद्यकीय महाविद्यालयातर्फे करत असाल तर नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या. काम झाल्यावर मागून मिळत नाही.

९. शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र आहे म्हणजे शाळेला उत्तर द्यावंच लागतं का?

नाही. पत्र तुम्हाला आत येऊ देतं, शाळेला बांधत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. शिक्षक अशैक्षणिक कामांनी आधीच वैतागलेले आहेत, आणि तुमची प्रश्नावली त्यांना त्यातलीच एक वाटणार. पाऊण तासात संपेल इतकीच करा. एखादा प्रश्न सोडायचा अधिकार पहिल्या पानावर छापा. नकार दिलेली शाळा गाळून टाकू नका. किती शाळांनी नकार दिला आणि त्या कोणत्या प्रकारच्या होत्या, हे अहवालात द्या.

१०. कधी करावं?

दिवाळीच्या सुट्टीनंतर ते जानेवारीपर्यंत. जूनमध्ये प्रवेश आणि पुस्तकं, जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेकडे सगळ्यांचे डोळे, मग गणपती. फेब्रुवारीपासून शिष्यवृत्ती, दहावी-बारावी. हिवाळ्याचा आणखी एक फायदा प्रश्न १५ मध्ये आहे. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी जाऊ नका.

११. गुगल फॉर्म चालेल का?

शहरात, शाळा ओळखीच्या असतील तर. बाकी ठिकाणी लिंक केंद्राच्या व्हॉट्सअॅप गटावर पडते, तिच्यावर पंधरा मेसेज येतात आणि ती वर निघून जाते. शिवाय फॉर्म कुणी भरला हे कळत नाही. चंदगड, आजरा, भुदरगडात कागद आणि माणूस.

१२. शाळेचं नाव जाहीर होईल का?

होऊ नये. नाव आणि यूडायस क्रमांक उत्तरांपासून वेगळ्या यादीत ठेवावेत. तेवढ्याने भागत नाही. 'गगनबावडा तालुक्यातील एकमेव अमुक प्रकारची शाळा' असं लिहिलंत तर नाव न घेताही तालुका ओळखतो. अशा वेळी दोन-तीन तालुके एकत्र दाखवा.

नावासकट कच्ची माहिती सरकारी कार्यालयाला देताना दहा वेळा विचार करा. ती तिथे गेली की त्या कार्यालयाकडची माहिती होते आणि २००५ च्या माहिती अधिकाराखाली कुणीही मागू शकतो. पालकांनो, म्हणूनच 'आमच्या मुलाच्या शाळेने काय लिहिलं?' याचं उत्तर सर्वेक्षकाकडून मिळणार नाही. ते शाळा व्यवस्थापन समितीत विचारा. अनुदानित आणि सरकारी शाळेत तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात.

१३. शाळा छान छानच लिहीत असेल तर कसं ओळखायचं?

नमुन्यातल्या दहातल्या एका शाळेत प्रत्यक्ष जा, कळवून जा, आणि पाच-सहा गोष्टी डोळ्यांनी पाहा: नळाला पाणी, नळापाशी साबण, कडी, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख, प्रथमोपचार पेटीत काय उरलंय. लिहिलेलं आणि पाहिलेलं यांतला फरक शाळेच्या नावावर लावू नका. तो सगळ्या जिल्ह्याच्या आकड्यांशेजारी छापा: 'साबण आहे' म्हणणाऱ्यांपैकी इतक्या शाळांत नळापाशी दिसला. तपासनीसाच्या थाटात गेलात तर पुढच्या शाळेला फोन तुमच्याआधी पोचलेला असतो.

१४. मुलांनाही थोडं विचारलं तर?

'थोडं' असं काही नसतं. मुलाला प्रश्न विचारला की तो वेगळा अभ्यास झाला. पालकांची लेखी संमती लागते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची तयारीही विचारावी लागते. माहिती मोबाइलवर भरून घेणार असाल तर २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानलं आहे, हे ध्यानात ठेवा. मुख्याध्यापकांची परवानगी म्हणजे पालकांची संमती नव्हे.

आणि भेटीत कुणी, मुलाने किंवा शिक्षकाने, लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर? तिथे गोपनीयतेचं वचन संपतं. पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं कलम २१ प्रमाणे गुन्हा. शाळा 'आम्ही बघतो' म्हणाली तरी तुमची जबाबदारी टळत नाही. म्हणून माहितीपत्रकात ही अट आधीच लिहा आणि प्रत्येक सर्वेक्षकाच्या डायरीत १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक असू द्या. मुलाकडून खोदून तपशील काढत बसू नका. ते काम तुमचं नाही.

१५. ऊसतोड कामगारांची मुलं कुठे मोजायची?

हंगामात बीड, धाराशिवकडून (पूर्वीचं उस्मानाबाद) टोळ्या येतात तेव्हा ही मुलं साखरशाळेत (ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या हंगामी शाळेत), जवळच्या जिल्हा परिषद शाळेत किंवा कुठेच नसतात. पटावर ती मूळ गावी असू शकतात. म्हणजे गोळी आणि तपासणी दोन्हीकडे सुटते. हिवाळ्यात सर्वेक्षण केलंत तर शाळेला विचारा: सध्या बाहेरून आलेली मुलं किती बसतात, त्यांना जेवण आणि गोळ्या मिळतात का, की 'पट नाही म्हणून साठा नाही'? साखरशाळेची नोंद वेगळी ठेवा, नेहमीच्या शाळांच्या टक्केवारीत मिसळू नका.

१६. पुरात शाळा बंद असते किंवा निवारा केंद्र होते. तेव्हाचं काय लिहायचं?

२०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोळ, करवीरमधल्या गावांनी हे पाहिलं आहे. 'गेल्या ३० दिवसांत' या प्रश्नाला अशा शाळेने शाळा नेहमीसारखी भरल्याच्या शेवटच्या ३० दिवसांचं उत्तर द्यावं आणि तसं लिहावं. निवाऱ्याबद्दल स्वतंत्र प्रश्न हवेत: लोक गेल्यावर टाकी आणि स्वच्छतागृहं कुणी साफ केली, खर्च कुणी दिला, पाणी तपासलं का, वर्ग किती दिवसांनी भरले.

१७. एका इमारतीत सकाळी एक शाळा, दुपारी दुसरी. एक धरायची की दोन?

यूडायस क्रमांक दोन असतील तर दोन. सामायिक स्वच्छतागृहाची संख्या दोघींकडे लिहा, पण वापरणाऱ्या मुलांची बेरीज करा. नाहीतर कागदावर दर मुलामागची सोय दुप्पट दिसते.

१८. गेटपासून सत्तर मीटरवर टपरी आहे, तिथे मावा आणि वेफर्स दोन्ही मिळतात. नियम मोडला का?

माव्याबाबत होय, वेफर्सबाबत नाही. कोटपाचं अंतर १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, आणि ते आवाराच्या कुंपणापासून चहूबाजूंना सरळ रेषेत मोजायचं असतं. जास्त चरबी, साखर, मिठाच्या पदार्थांचा नियम शाळेच्या गेटपासून ५० मीटरचा. मोठं मैदान असलेल्या शाळेत या दोन मोजण्यांत खूप फरक पडतो. तंबाखूमुक्त शाळेच्या नऊ निकषांसाठी शाळेने पिवळी रेघ मारलेली असेल तर ती कुठून मोजली तेही विचारा. बऱ्याचदा ती गेटपासून मोजलेली असते.

१९. निकाल शाळांना कसे द्यायचे?

केंद्राच्या शिक्षण परिषदेत, एका पानावर, मराठीत. केंद्रप्रमुखांकडून आधी वीस मिनिटं मागून घ्या आणि शाळांची क्रमवारी लावू नका. त्या पानावर शाळेला स्वतःच्या अधिकारात करता येणाऱ्या गोष्टी वेगळ्या दाखवा (कडी, साबण नळापाशी ठेवणं, गैरहजर मुलांची यादी) आणि वरून यायला हव्यात त्या वेगळ्या (गोळ्यांचा साठा, टाकी, पथकाच्या भेटीची तारीख). दुसऱ्या यादीची प्रत गटशिक्षणाधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी दोघांनाही द्या. एकालाच दिली तर तो ती दुसऱ्याकडे पाठवतो.